खाणावळीची वही

(गिरणगांवांतील एका गांवकरी मंडळाच्या वार्षिक सभेंत केलेलें भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनीं आम्हांस सांगितलें कीं, आपल्या वस्तींतल्या धंद्यांविषयीं चार शब्द बोला. धंदा म्हटला कीं आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढें पाटी येते, काटा येतो, गल्ल्यावर बसलेला शेट येतो. आम्ही मात्र अशा एका धंद्याविषयीं बोलणार आहों कीं ज्याला पाटी नव्हती, काटा नव्हता, आणि गल्ला म्हणजे तांदळाच्या डब्यांत खुपसलेला एक रुमाल होता. आमचा जन्म लालबागच्या एका चाळींत, दहा बाय बाराच्या खोलींत झाला. त्याच खोलींत आमच्या आईची खाणावळ होती. तेव्हां जें सांगूं तें पुस्तकांतलें थोडें आणि चुलीपुढचें फार.

मुंबईंत कापडाच्या पहिल्या गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं काढली आणि ताडदेवास ती गिरणी १८५६ सालीं चालूं झाली. पुढें परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत भोंग्यांना तोटा राहिला नाहीं. तुमच्या-आमच्या घरांतून काय झालें तें तुम्हांस ठाऊक आहेच. शेत पिकेना, पिकलें तर सावकारास पुरेना, म्हणून तिघां भावांतला एक मुंबईस धाडायचा असा रिवाज पडला. रत्नागिरीचा कुणबी आला, साताऱ्या-कोल्हापूरकडचा शेतकरी आला, सुतार, कुंभार, न्हावी, परीट आले, गांवकुसाबाहेरचे बंधूहि आले. येणारा बायकापोरांस गांवीं ठेवून एकटा येई व आपल्या गांवकीच्या खोलींत उतरे. त्या खोल्या तुमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिल्या आहेत. भिंतीला ट्रंका रचलेल्या, वर दोऱ्यांवर कपडे, आणि एका पाळीचा गडी उठून कामावर गेला कीं त्याच जागेवर दुसऱ्या पाळीचा येऊन आडवा होई.

आतां या गड्यांनीं जेवावें कोठें? इराण्याच्या हाटेलांत चहा आणि ब्रून मिळे. त्यानें आठ तास साच्यावर उभ्या राहणाऱ्याचें पोट भरत नाहीं. त्याला भाकरी पाहिजे, कालवण पाहिजे, आणि तें गांवच्या चवीचें पाहिजे. ही गरज आमच्या आयाबहिणींनीं ओळखली. त्यांना कोणी भांडवल दिलें नाहीं, जागा दिली नाहीं, शिकविलें नाहीं. ज्या खोलींत निजायचें तिथेंच रांधायचें आणि तिथेंच पंगत बसवायची.

आमच्या आईकडे अठरा गडी जेवत. पहाटे चारला नळाला पाणी येई. त्यापुढें तिचा दिवस सुरू. पहिली पाळी सकाळची, तिच्या गड्यांचे डबे भरावयाचे. दुपारीं दुसऱ्या पाळीचे जेवून जात. हे दुसऱ्या पाळीचे रात्रीं बाराला सुटत. त्यांचीं ताटें झांकून ठेवावयाचीं, आणि ‘काकी, झोंपलीस काय?’ अशी हांक आली कीं उठून पाणी द्यावयाचें. मध्यंतरीं राकेलची रांग, रेशनची रांग, दळण. आम्ही भावंडें गॅलरींत निजत असूं, कारण आंत भांडीं असत.

हिशेब महिन्याचा. गडी गांवीं गेला तर तितक्या दिवसांचे खाडे वजा. शिमगा आला, गणपति आले कीं अर्धी खाणावळ रिकामी. पण खोलीच्या भाड्याला खाडा नाहीं, आमच्या शाळेच्या फीला खाडा नाहीं. जुन्या जाणत्यांस आम्ही विचारतों, हें गांवच्या बलुत्यापेक्षां निराळें काय होतें? गांवीं न्हाव्यानें वर्षभर डोकीं करावीं आणि सुगीला खळ्यावर जाऊन पेंढी मागावी. इथें सुगीच्या जागीं पगाराचा दिवस आला, एवढाच फरक. त्या दिवशीं गिरणीच्या फाटकावर कोण कोण उभें राही तें पाहावें: व्याजासाठीं पठाण, उधारीसाठीं वाणी, भिशीवाला, वर्गणीवाला, आणि गड्याच्या हातांत पाकिटांतून उरेल तें खाणावळवालीचें. ती बापडी फाटकावर जात नसे. ती घरीं वाट पाही.

एक गोष्ट आम्ही लपवून ठेवणार नाहीं. या खाणावळींतहि जात होती. जिल्ह्याची निराळी, जातीची निराळी. ज्या गिरण्यांत धोट्याचा धागा तोंडानें ओढावा लागतो म्हणून आमच्याच माणसांनीं अस्पृश्य मानलेल्या बंधूंस विणकर खात्यांत येऊं दिलें नाहीं, त्या गिरण्यांच्या आसपासच्या पंगती कांहीं फार थोर नव्हत्या. आमच्या आईच्या पंगतींत तसा एक गडी प्रथम बसला तेव्हां दोघे उठून गेले. आईनें त्यांचे खाडे धरले आणि हिशेब चुकता करून टाकला. तिनें भाषण कांहीं केलें नाहीं. तिला अठराचे सतरा परवडत नव्हते हेंहि तितकेंच खरें.

रविवारचें सांगावयाचें राहिलें. आपल्याला रविवार मिळाला तो आपोआप मिळाला नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची सभा स्थापली, आणि आठवड्याच्या सुटीसाठीं सहा वर्षें धडपड केली. एप्रिल १८९० मध्यें महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्यांत दोन स्त्रियांनींहि भाषणें केलीं, आणि त्याच वर्षीं १० जूनला रविवारची सुटी कबूल झाली. त्या एका दिवसानें वस्तीचा सारा व्यापार बदलला. मटणाच्या दुकानापुढें रांग, न्हाव्याकडे गर्दी, शिंप्याकडे मापें, भजनी मंडळाची डबल बारी, तालमींतली मेहनत, सारें रविवारीं. ज्या घरांत रविवार आला नाहीं तें खाणावळीचें. गडी घरींच, दोन्ही वेळां जेवणार, आणि रविवार म्हणून सागुती पाहिजे! शंभराहून अधिक वर्षें झालीं, लोखंड्यांचा रविवार आमच्या आयांच्या चुलीपर्यंत अजून पोंचावयाचा आहे.

बाजाराची एक हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. लालबागेंत पेरू चाळीपाशीं उघडा बाजार भरत असे. तो १९३२ सालीं बंद झाला. मासळीवाल्या कोळी भगिनी आणि किरकोळ विक्रेते रस्त्यावर आले. त्यांनीं बाजाराला पक्की जागा मिळावी म्हणून गणपतीला नवस केला, वस्तींतल्या पुढाऱ्यांनीं खटपट केली, जागेच्या मालकानें जागा दिली, आणि नवस फेडण्यासाठीं १९३४ सालीं तेथें गणपति बसला. तोच आजचा लालबागचा राजा. लाखों माणसें आज त्या रांगेंत उभीं राहतात. देवाला काय मागतात तें त्यांचें त्यांस ठाऊक. पण मूळ मागणी टोपली टेकावयास चार हात पक्की जागा मिळावी एवढीच होती. आम्ही नवसाला नांवें ठेवीत नाहीं. फक्त इतकेंच म्हणतों कीं, जे नवस बोलले ते एकीनेंहि राहिले होते.

त्याच बाजाराच्या आसपासची मिरचीगल्ली आपणां सर्वांस ठाऊक आहे. चैत्र-वैशाखांत तेथें पाऊल ठेवतांच ठसका लागतो. बायका येतात, बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, गुंटूर तिखटाला, असें पारखून घेतात. मोड मोडून, हुंगून, बी वाजवून पाहतात. धणे, लवंग, दगडफूल, बाद्यान, नागकेशर, जायपत्री हें सारें भाजून डंकावर द्यावयाचें आणि आपला मसाला कुटून होईस्तोंवर तिथून हलावयाचें नाहीं, कारण डंकावर डोळा नसला तर मसाल्यांत दुसऱ्याची मिरची येते. पावसाळ्याआधीं अठरा गड्यांचा वर्षाचा मसाला करावयाचा म्हणजे एका दमांत केवढा पैसा ओतावा लागे! हा पैसा कोठून येई? उधारीनें. आणि आतां आम्ही मुद्द्यावर येतों.

खाणावळवाली गड्यांना महिना उधार जेवूं घाली, आणि वाणी तिला महिना उधार सामान देई. वाण्याकडे वही असे. लाल कापडाची, लांबट. आमच्या आईला लिहितां येत नव्हतें. ती दाराच्या मागल्या भिंतीवर कोळशानें रेघा मारी. तांदळाची उभी रेघ, तेलाची आडवी, डाळीचा टिंब. मला वाटतें वाण्याच्या वहीपेक्षां ती भिंत अधिक नीट होती. पण भिंत कांहीं दुकानांत नेऊन दाखवितां येत नाहीं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागें सुमारें अडीच लाख कामगार गेले. तो संप बरोबर कीं चूक हें सांगावयास आज आम्ही उभे नाहीं, त्यावर या पटांगणांत पुष्कळ भांडणें होऊन गेलीं आहेत. आम्ही चुलीपुढची गोष्ट सांगतों. पहिल्या महिन्यांत सर्व गडी जेवले. दुसऱ्या महिन्यांत पगार नाहीं म्हणून अर्धे गांवीं गेले. उरलेल्यांस आई ‘जेवूं नका’ म्हणूं शकली नाहीं. ज्यांनीं दहा वर्षें तिच्या हातचें खाल्लें, पोरांना दिवाळीला कपडे आणले, त्यांना उंबऱ्यावरून परत धाडावयाचें कसें? कोणी गांवाहून परत येतांना नाचणी आणी, कोणी कुळीथ, कोणी खांद्यावर तांदळाचें गांठोडें आणी. हा तुमचा गांवचा उपकार, तो आम्ही विसरलों नाहीं. तरी त्यानें महिना कसा निघणार? बाकीचें वाण्याकडून येई, आणि भिंतीवर रेघा वाढत.

त्या वर्षीं गणपतीला आमच्या मामानें प्रेमानें खोलीला चुना लावून दिला. दार उघडून त्याच्या मागेंहि लावला!

पुढें वाण्याचा मुलगा हिशेब घेऊन आला तेव्हां त्याच्या आंकड्यांत आणि आईच्या ध्यानांतल्या आंकड्यांत तीनशें चाळीस रुपयांचा फरक पडला. आई म्हणे, दोन डबे तेल मी घेतलेंच नाहीं. तो म्हणे, काकी, वही पाहा. तिनें वही उलटी धरली. आम्ही तेव्हां सहावींत होतों, वही सरळ करून वाचली, पण लिहिलेलें होतें तें होतें. पितळेचा हंडा आणि दोन मोठीं पातेलीं मोडींत घालून आईनें तो फरक भरला. ज्या दुकानांत मोड घातली तेथला कासार म्हणाला, ‘काकी, असें काम आतां होत नाहीं.’ आणि वजनाच्या भावानें पैसे दिले.

वाण्यानें लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं. वाण्याला शिव्या देणें आपल्या सभांतून फार सोपें झालें आहे. त्यानेंहि संपांत आठ महिने तांदूळ तोडला नव्हता, आणि पुढें उधारी बुडाल्यानें त्याचें दुकान बसलें. कदाचित् त्याच्या पोराची चूक असेल, कदाचित् आईची. आमचें दुःख निराळें आहे. आईपाशीं चूक दाखवावयासहि कांहीं नव्हतें. जिच्या हातांतून दर महिन्याला पोतींच्या पोतीं धान्य जात होतें, तिचा धंदा दुसऱ्याच्या वहींत लिहिला जात होता.

त्या रात्रीपासून आम्ही आईची वही लिहूं लागलों. दोन रुपयांची शाळेची वही, डावीकडे आलें, उजवीकडे गेलें. कोण जेवला, कोणाचा खाडा, कोणाकडे बाकी. ती वही अजून आमच्यापाशीं आहे.

आमच्या वस्तींत याआधींच एक मोठें काम झालें होतें, तें आमच्या घरापर्यंत मात्र उशिरां पोंचलें. प्रेमाताई पुरव या बाईंनीं १९७५ सालीं खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. आरंभीं अवघ्या चौदा बायका. १९६९ सालीं बँका सरकारी झाल्या होत्या, गरिबाला कर्ज देऊं असें म्हणत होत्या. तर आम्हांला द्या, असें या बायकांनीं म्हटलें. तारण काय? तारण कांहीं नाहीं. मग एकीनें दुसरीची हमी घ्यावयाची. वर्षानुवर्षें ज्या बायका सावकाराच्या व्याजांत पिचत होत्या त्यांनीं बँकेंत जाऊन अंगठा, आणि पुढें सही केली. कर्जें फेडलीं. हजारों बायका त्यांत आल्या. प्रेमाताईंना पुढें पद्मश्री मिळाली. पण आम्हांस मोठें वाटतें तें हें कीं, ज्या धंद्याला धंदा कोणी म्हणत नव्हतें त्याला बँकेच्या कागदावर प्रथम ‘धंदा’ असें लिहिलें गेलें.

आतां हें जुनें उगाळतों कां, असें तरुण मंडळी म्हणतील. ऐका. गिरण्या गेल्या. फिनिक्स गिरणीच्या जागीं मॉल झाला. गिरणी कामगारांना घरें द्यावयाचें ठरलें, १ जानेवारी १९८२ रोजीं वा त्यानंतर जो कामावर होता तो पात्र, आणि २०१२ सालीं पहिली सोडत निघाली. दीड लाखांहून अधिक अर्ज आले, बहुतेक अजून वाट पाहत आहेत. तें भांडण आपलें आहेच, आणि तें आपण भांडलेंच पाहिजे. पण त्या यादींत खाणावळवालीचें नांव कोठें आहे? तिनें गिरणी चालविली नाहीं काय? अठरा गड्यांचीं पोटें भरलीं नसतीं तर साचे कोणी चालविले असते? परंतु तिचें नांव कोणत्याहि मस्टरवर नव्हतें. आमची आई कामगाराची विधवा म्हणून अर्ज करूं शकली; आमच्या शेजारची मावशी, जिचा नवरा गिरणींत नव्हता आणि जिनें तीस वर्षें गिरणीचे गडी जेवूं घातले, ती अर्जहि करूं शकली नाहीं.

आणि हें आजहि चालूं आहे. गिरण्यांच्या जागीं जे मनोरे उभे आहेत त्यांच्या फाटकावरचे पहारेकरी, झाडलोट करणारे, फटफटीवरून सामान पोंचविणारे पोरगे, हे काय मॉलमध्यें जेवतात? ते आपल्या चाळींतल्या वहिनींच्या पोळीभाजीवर जगतात. म्हणजे खाणावळ मेली नाहीं, तिचे गडी बदलले. परवां आमच्या चाळींत पुनर्बांधणीच्या पाहणीसाठीं एक कारकून आला. शेजारच्या वहिनी तेव्हां चाळीस पोळ्या लाटून डबे बांधीत होत्या. तव्यावरचा धूर त्या कारकुनाच्या डोळ्यांत जात होता. त्यानें डोळे पुसले आणि व्यवसायाच्या रकान्यांत लिहिलें, ‘गृहिणी’. वहिनींनीं सही केली. आम्हीं विचारलें, असें कां लिहूं दिलें? त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, हा कसला धंदा? घरचेंच काम.’

आम्हांस रागहि आला आणि आई आठवली. बी. डी. डी. चाळींच्या जागीं मनोरे होत आहेत, वरळीच्या कांहीं कुटुंबांना २०२५ सालीं किल्ल्या मिळाल्या, १६० फुटांच्या खोलीचें ५०० फुटांचें घर झालें. आनंदाची गोष्ट आहे. नाक मुरडणाऱ्यानें एकदां सार्वजनिक संडासाच्या रांगेंत उभें राहून पाहावें. परंतु ज्याच्या नांवाचा गाळा आहे त्याला गाळा मिळेल. जी खोलींत रांधते आणि जिन्यावर विकते तिला काय मिळेल? विसाव्या मजल्यावर डबा घेण्यास कोण चढेल? वर सोसायटीचा नियम येईल कीं घरांत धंदा करूं नये. तेव्हां तुम्ही म्हणाल, आमचा धंदा तीस वर्षांचा आहे, आणि समोरचा म्हणेल, दाखवा.

तर दाखवावयाची तजवीज आजच करा. रस्त्यावर बसणाऱ्यांसाठीं २०१४ सालचा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्यांत पाहणी करून विक्री प्रमाणपत्र द्यावें असें आहे, आणि नगर पथविक्रेता समितींत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनीं निवडलेले व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असें आहे. आपल्या किती बायकांना हें कोणी सांगितलें? घरांतून धंदा करणाऱ्यांस सरकारची उद्यम नोंदणी आहे, तिला एक पैसाहि लागत नाहीं. नाक्यावर बसून जो तिच्यासाठीं पांचशें मागतो त्याला हात जोडून घरीं धाडा. नोंदणी बाईच्या नांवानें करा. नवऱ्याच्या नांवानें केली कीं पुन्हां ‘गृहिणी’. पैसे घेण्याचा तो चौकटीचा कागद भिंतीवर चिकटवितां ना, ज्यावर मोबाईल धरला कीं पैसे जातात, तो कोणाच्या खात्याचा आहे तें आज घरीं जाऊन पाहा. पोराच्या खात्याचा असेल. पोळ्या आई लाटते आणि पैसे पोराच्या खात्यांत! पोरगा गुणी असेल, पण बँकेच्या कागदावर त्या आईचा धंदा नाहीं. आणि उधारी तर त्या कागदावर येतच नाहीं, तिला अजूनहि वहीच लागते.

गांवाकडच्या मंडळींसहि हेंच लागू आहे. तुमच्याकडे दूध कोण घालतें, अंडीं कोण विकतें, मडकीं कोण बाजाराला नेतें, आणि डेअरीच्या पुस्तकावर नांव कोणाचें आहे, हें आम्ही विचारीत नाहीं. तुम्हीच आपसांत विचारा.

बोलणें लांबलें. येत्या रविवारीं सकाळीं दहा वाजतां ह्याच पटांगणांत आम्ही कोऱ्या वह्या आणि दोन-चार शिकलेलीं पोरें घेऊन बसणार आहों. ज्या भगिनी कांहींहि करून विकतात, डबे, पापड, मसाला, गजरे, शिवण, त्यांनीं मागच्या महिन्याच्या मिळतील तेवढ्या पावत्या आणाव्या. पावती नसेल तर ध्यानांत असेल तें सांगावें, तें आधीं लिहूं. चहा आमच्याकडून. कांदेपोहे मात्र विकत आहेत, कारण ते शेजारच्या वहिनी करून आणणार आहेत, आणि त्यांच्या वहींतली पहिली ओळ त्या दिवशीं त्याचीच लिहावयाची आहे.